तुझे सोळा, माझे सोळा

गोविंदा,

तुला तापीवर नेलं त्या दिवशी माझ्या मागून चालणारा एक जण दुसऱ्याला विचारत होता, "कोण गेलं रे?" दुसरा म्हणाला, "अरे तो बांडा मिस्त्री नाही का, सिंधीपुऱ्यातला." पहिल्याला लगेच कळलं. गोविंदा म्हटलं असतं तर कदाचित कळलं नसतं. मी खांदा दिला होता, त्यामुळं मागं वळता आलं नाही. वळून काय केलं असतं तेही सांगता येत नाही. दोघांच्या कानाखाली लावली असती, नाहीतर खाली मान घालून पुढं चाललो असतो.

शेपूट तुटलेल्या बैलाला बांडा म्हणतात. तुझं काय तुटलं होतं? एका गाडीची चासी सहा इंच जास्त कापली गेली, बस. आणि ती कापली मी. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तिसऱ्याला नाही. आठ वर्षं आपण दोघांनी ते सांभाळलं. आता तू गेलास, तर ते माझ्या एकट्याजवळ राहिलं. घाटावरून परत येताना मी ठरवलं की हे नाव तुझ्यावरून उतरवायचं आणि माझ्यावर घ्यायचं. साठी उलटलेल्या सुताराकडं दुसरं काय काम उरलंय? ते काम झालं की बिघडलं, तेवढं तुला कळवायला बसलोय. शाळा मी दुसरीत सोडली. अक्षर सावकाश निघतं. तूही सावकाश ऐक.

संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. रोज कुणाचं तरी राज्य जायचं आणि हॉटेलात कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं. आपल्याला त्याचं काही नव्हतं, आपण आधीपासूनच इंग्रजाच्या मुलखातले. पण तू कुठून तरी ऐकलंस की नर्मदेपलीकडं एका लहानशा राजाच्या तबेल्यातलं सामान निघालंय, आणि गेलास. आठ दिवसांनी एक मोडकी पिकअप दोन बैलजोड्यांनी ओढत राजपुऱ्यात माझ्या दुकानासमोर आणून उभी केलीस. मी बैलगाडीच्या चाकाला आरे बसवत होतो.

"आबा, बघ काय आणलं!"

"राजाची मोटार म्हणून हे आणलंस?"

"राजाची नाही रे. राजाच्या कुत्र्यांची."

खरंच होतं ते. राजा पुढच्या गाडीत बसायचा आणि शिकारीची कुत्री मागून या गाडीत यायची. मागच्या फळ्यांवर नखांचे ओरखडे होते. त्या लाकडाला ओल लागली की कुत्र्याचा वास सुटायचा. रंधा मारून मारून मी तो काढला, तेव्हा तू म्हणालास, "आता राजाची झाली."

लढाईत तू आसामला होतास, फौजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात. तिथं एका अमेरिकन शिपायानं तुला त्याच्या गावाकडच्या गाडीचा फोटो दाखवला होता. आपल्यासारखीच जुनी पिकअप, पण मडगार्ड काढलेले, टप खाली बसवलेला, चासी मधून कापून आखूड केलेली आणि बोनेटाखाली दुप्पट मोठं इंजन. फोटो काही त्यानं तुला दिला नाही. तू डोक्यात घेऊन आलास आणि कोळशानं माझ्या दुकानाच्या भिंतीवर काढलास.

"याला म्हणतात हॉट रॉड."

"मतलब?"

"गरम सळई."

"गरम सळई लोहाराकडं असते. गाडीत काय करायचीय?"

"पळायचंय."

"माल किती भरेल?"

"माल नाही भरायचा आबा. नुसतं पळायचं."

हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, हे लिहून ठेवतो. तू गेलास म्हणून मी हो म्हणणार नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या गाड्या झाल्या. कापसाच्या, लाकडाच्या, वरातीच्या. रिकामी पळण्यासाठी कुणी गाडी करून मागितली नाही. जसोंडीहून केळीचे घड उन्हाच्या आधी स्टेशनावर पोचले पाहिजेत, त्यासाठी पळणारी गाडी कर म्हटलं असतंस तर मी एका पायावर तयार होतो. तुला मी ते शंभरदा सांगितलं. तू म्हणायचास, "केळी काय, बैलावरही जातात." मी म्हणायचो, "मग माणसंही जातात." इथं येऊन आपलं भांडण थांबायचं, कारण दोघांनाही चहाची वेळ व्हायची.

पण काम मी मनापासून केलं. त्या गाडीच्या टपाला आतून लाकडाची चौकट होती, सागाची. तुला टप चार बोटं खाली हवा होता. मी खांब कापले, नवी खाच पाडली, आणि पत्रा पुन्हा असा बसवला की तू बोट फिरवलंस आणि सांधा तुला सापडला नाही. तू दुसऱ्यांदा फिरवलंस. मग म्हणालास, "आबा, तू आसामला असतास तर गोऱ्यांनी तुला परत येऊ दिलं नसतं." ते मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. दोनदा सांगितलं.

मग शेठजी आले. खंडव्याच्या रस्त्यावर त्यांच्या बसगाड्या चालायच्या, त्या बिघडल्या की भुसावळहून मिस्त्री यायचा आणि तोवर उतारू रस्त्यावर बसून राहायचे. तुझ्या अंगणातल्या छपरात उभं राहून त्यांनी तू गाडीसाठी भंगारातून आणलेलं ते मोठं इंजन चालू करून ऐकलं. म्हणाले, "मिस्त्री, ही घाट चढून दाखव. माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडं." तू नुसती मान हलवलीस. ते गेल्यावर मात्र पाना हवेत उडवून झेललास. पंचेचाळिशीचा माणूस, पोरासारखा.

त्या इंजनाला जोडायचा एक भाग खंडव्याला मिळणार होता. निघताना तू सायकलवर बसलेलाच होतास. एक पाय जमिनीवर, स्टेशनाची घाई. म्हणालास, "आबा, चासीवर सोळा आखून ठेव. टपाच्या मागच्या पट्टीपासून मागं. कापू नको, मी आलो की कापू."

सोळा.

मी आखले सोळा. माझ्या बापाच्या गजानं आखले. गजाचे चोवीस तसू, त्यातले सोळा. आयुष्यभर मी दुसरं माप हातात धरलं नाही आणि मला कुणी दुसरं माप सांगितलंही नाही. दार असो, खाट असो, गाडीचा आस असो, गिऱ्हाईक आकडा बोलतं आणि सुताराला कळतं. आणि तू लढाईवरून आलेला. तुझ्यासाठी लोखंडावर इंचाशिवाय दुसरं माप जगात नव्हतं. दोघांपैकी कुणीही पुढचा शब्द बोललं नाही, कारण दोघांनाही तो बोलायचा असतो हेच माहीत नव्हतं.

आखून थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं. तू येऊन पट्टी लावली असतीस, आपण हसलो असतो. पण मला वाटलं, तू येशील तर काम झालेलं दिसावं. टपाचा सांधा बघून तू जे बोलला होतास ते माझ्या डोक्यात गेलं होतं. लाकडाचा माणूस लोखंडही कापतो हे दाखवायचं होतं. दोन दिवस हेक्सा, लोखंडाची करवत, चालवला. सात पाती तुटली. हाताला फोड आले ते चिंधी बांधून झाकले. दोन्ही बाजूंचे तुकडे खाली पडले तेव्हा मी त्यांच्यावर बसून बिडी ओढली.

तू आलास. तुकड्याकडं बघितलंस. खिशातून घडीची पट्टी काढून लावलीस. पुन्हा लावलीस.

"बावीस आहे."

"सोळा आहे."

"आबा, बावीस इंच आहे."

"तुझा इंच तुझ्याजवळ ठेव. सोळा सांगितले, सोळा कापले. गज घे आणि मोज."

तू गज घेतलास आणि मोजलास. बरोबर सोळा भरले. माझा तसू तुझ्या इंचाहून मोठा निघाला. तेव्हा तुला कळलं, आणि तुझ्या तोंडाकडं बघून मलाही कळलं. मी त्याच क्षणी चूक झाली म्हणालो असतो तर? पण माझं तोंड दुसरंच बोलून गेलं.

"इंच म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं इंच."

"लोखंडावर तसू कोण मोजतं रे?"

"या गजावर अर्ध्या बुऱ्हाणपूरची दारं उभी आहेत. एक तरी वाकडं दाखव."

"दाराला चाकं नसतात, आबा."

एवढंच बोललास. तू कापू नको म्हणाला होतास, ते तर तू काढलंही नाहीस. फोडांवरची चिंधी बघितलीस आणि म्हणालास, "चल, चहा पिऊ." सहा इंचाचा तुकडा मधे घालून जोडावा का, यावर तू दोन दिवस विचार केलास. मग म्हणालास, दोन जोडांची चासी घाटात तुटते, त्यापेक्षा आखूड बरी. शाफ्टही तेवढा आखूड केलास. मागचं चाक टपाच्या अगदी पाठीशी आलं. मला ते दिसायला बरं वाटलं.

घाटाच्या दिवशी अर्धा सिंधीपुरा लोटला होता. शेठजींनी एक बस मोकळी काढली, त्यातून आम्ही तुझ्या मागून आलो. सपाटीवर तू असा सुटलास की बसमधली माणसं उभी राहून ओरडायला लागली. मीही ओरडलो. माल नाही, सवारी नाही, नुसता आवाज आणि धूळ. त्या एका घटकेला मला तुझं म्हणणं कळलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. एका घटकेपुरतंच कळलं होतं.

असीरगडाच्या चढावर पहिल्याच वळणाला तिचं बूड हवेत उचलल्यासारखं झालं आणि ती जागच्या जागी फिरली. आम्ही पोचलो तेव्हा तिचं तोंड बुऱ्हाणपूरकडं होतं आणि एक मागचं चाक नालीत. तू कपाळाला रुमाल धरून पायरीवर बसला होतास. रक्त फार नव्हतं. शेठजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि टपाच्या मागं छडी टेकवून उभे राहिले.

"मिस्त्री, किती काटली ही?"

"बावीस इंच."

"बावीस? पागल झाला होतास का? कोणी काटली?"

मी तुझ्यापासून दोन हातांवर होतो. कानाला माझी आखायची पेन्सिल होती.

"मी," तू म्हणालास.

तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला आठ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. नसतो बोललो. ती सगळी माणसं माझी गिऱ्हाइकं होती. माझ्या बापाचा गज त्यांच्यासमोर खोटा ठरला असता. मी चाकाकडं बघत उभा राहिलो आणि मग इतरांबरोबर गाडी ढकलायला लागलो. सगळ्यांत जास्त जोर मी लावला, तेवढंच केलं.

शेठजी बसमध्ये चढताना म्हणाले, "ज्याला माप समजत नाही त्याच्या हातात माझ्या गाड्या नाही देणार." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बांडी करून टाकली चांगली गाडी." संध्याकाळपर्यंत गाडी बांडी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तू बांडा मिस्त्री. आपल्या गावाला नाव ठेवायला एक दिवस पुरतो.

बसगाड्या आल्या नाहीत. नंतर ट्रकवालेही येईनासे झाले. तू पिशवीत पाने घालून सायकलवर केळीच्या मळ्यांतून हिंडायला लागलास, विहिरीवरची तेलाची इंजनं दुरुस्त करत. लढाईत ज्यानं फौजेच्या मोटारी उभ्या केल्या तो माणूस पट्टा सरकला म्हणून जसोंडीला जायचा. माझ्या दुकानावरून जाताना घंटी वाजवायचास. त्या घंटीनं माझा रंधा थांबायचा. मनात यायचं, आज उठून शेठजींकडं जावं. मग दुसरं मन म्हणायचं, सोळा सांगितले होते, सोळाच कापले होते. ते दुसरं मन फार ताकदीचं निघालं, गोविंदा.

गाडी तू सोडली नाहीस. रोज थोडं थोडं करत मागच्या कमानी बदलल्यास, फळीखाली लोखंडी पाट बसवून बुडाला वजन दिलंस. वर्षभरात ती घाटात सरळ चालायला लागली. ते बघायला मात्र बस भरून कुणी आलं नाही. मी होतो. घाटाच्या माथ्यावर उतरून तू मला म्हणालास, "सोळा कापले असते तर एवढी हलकी झाली नसती." मला तेव्हा राग आला. वाटलं, टोमणा मारतोय. आता वाटतं, तू मला एक वाट करून देत होतास. खरं काय ते तूच जाणे.

आणि ती दुपार. तुझी भावजय, माझी बायको, पोटाच्या कळेनं जमिनीवर लोळत होती, वैद्यानं हात टेकले, खंडव्याची बस सकाळीच गेली होती. मी बोलवायच्या आधी तू दारात गाडी घेऊन उभा. मागं गादी टाकली, कुत्री बसायची तिथं. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो आणि तू ती गाडी अशी नेलीस की मला रस्ता दिसलाच नाही. खंडव्याला पोट फाडून डॉक्टरांनी तिला वाचवलं. परत येताना ती पुढं तुझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "भाऊजी, ही कापली म्हणून एवढी पळते ना? मग बरं झालं कापली."

तू हसलास. "ऐकलंस का आबा?"

मी म्हणालो, "गादी पातळ होती. तिला दणके बसले."

हे बोललो मी. ज्या गाडीनं माझी बायको परत आणली तिच्यात बसून. ती पुढं पाच वर्षं जगली, आणि पाच वर्षं त्या गाडीचं कौतुक साऱ्या आळीला सांगत राहिली. मी आतल्या खोलीतून ऐकायचो.

यंदा तुझ्या छातीत पाणी झालं. मी रोज यायचो. वहिनी चहा ठेवायची, आपण पडवीत बसायचो, म्हणजे मी बसायचो आणि तू उशीला टेकून असायचास. त्या शेवटच्या दुपारी मी घरून ठरवून आलो होतो. वाक्य तोंडपाठ केलं होतं. पण आधी तूच बोललास.

"आबा, ऐकलं का, म्हणे आता मीटर येणार. सगळीकडं एकच माप. तुझा गज पण गेला आणि माझा इंच पण."

असं म्हणून तू हात पुढं केलास. उताणा, गादीवर. मी तो धरायला हवा होता. मी म्हणालो, "गज कुठं जात नाही." तू डोळे मिटून हसलास आणि मला वाटलं, उद्या बोलू.

म्हणून तुझ्या तेराव्याला बोललो.

अंगणात पंगती उठल्या होत्या. शेठजीही आले होते, आता काठी घेऊन चालतात. सगळे सुपारी घेऊन बसले होते आणि तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते, आणि चांगलं बोलतानाही बांडा मिस्त्रीच म्हणत होते. मी उभा राहिलो.

"ऐका. ती चासी गोविंदानं नाही कापली. मी कापली. त्यानं सोळा इंच सांगितले, मी सोळा तसू कापले. घाटात त्यानं माझा दोष अंगावर घेतला. बांडा म्हणायचं तर मला म्हणा."

मला वाटलं, आता कुणीतरी थुंकेल. शेठजी काठी टेकवत उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"यारी असावी तर अशी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मेलेल्या दोस्ताचा दाग आपल्या अंगावर घेतो हा म्हातारा."

"अहो शेठजी, खरं सांगतोय!"

"हो आबा, हो. बसा तुम्ही."

"दुसरी शिकलेला माणूस," मागून कुणी म्हणालं, "पण मन बघा केवढं."

मी ओरडलो. जेवढा ओरडलो तेवढे ते गहिवरले. एकानं पाया पडायला वाकून माझे पाय धरले, मी मागं सरकलो तर दुसऱ्यानं धरले. मी त्यांना ओढत छपरात गाडीपाशी नेलं. खाली वाकून चासीवरचा रंग नखानं खरवडला. आम्ही सुतार माप संपतं तिथं तीन रेघांची खूण करतो, कावळ्याच्या पावलासारखी. मिस्त्री लोक नुसती आडवी रेघ ओढतात. माझी खूण तिथं होती, पटाशीच्या टोकानं कोरलेली. "ही बघा! ही सुताराची खूण. मोटारवाला अशी करतो का?"

शेठजींचा भाचा वाकून बघून म्हणाला, "आबा, पुरावा पण तयार करून ठेवला का? कमाल आहे तुमची." आणि सगळे डोळे पुसत पुसत हसले. मग माझ्या खांद्यावर कुणाचं तरी उपरणं आलं. त्या अंगणातून तुझी लोकं मला धरून, सांभाळून बाहेर नेत होती. सत्कार केल्यासारखं.

म्हणजे काम बिघडलं, गोविंदा. तू अजूनही बांडाच आहेस, आणि वरून मी मोठ्या मनाचा झालो. मी खरं बोलायला आठ वर्षं लावली, तोवर माझ्या खऱ्यावर कुणाचा विश्वास बसेनासा झाला.

गर्दी पांगली तेव्हा मी परत फिरलो. वहिनी छपरात होती, एकटीच. जमिनीवर बसून चासीखाली हात घातला होता. ती खूण ती बोटानं चाचपत होती, एकेक रेघ. तुझ्या लग्नाच्या वेळी तिच्या खोलीची चौकट मी केली होती. तिच्या उंबऱ्याला आतल्या बाजूनं तीच खूण आहे, आणि रोज झाडताना ती तिला दिसत आली आहे.

"ही तुमचीच," ती म्हणाली.

"हो वहिनी."

"त्यांनी कापू नका म्हटलं होतं का?"

"म्हटलं होतं."

तिनं बोटाला लागलेला रंग पदराला पुसला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागली, हळू आवाजात, जसं गहू निवडताना बोलतात.

"नळावर बाया मला बांडीण म्हणायच्या. मी घरी येऊन राग ह्यांच्यावर काढायची. म्हणायची, एक माप नीट घेता येत नाही आणि म्हणे फौजेत मिस्त्री होते. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायची, तुमच्यासारखंच माप चुकलं. ते हसायचे. आठ वर्षं मी त्यांना बोलले, भाऊजी. शेवटच्या आजारातसुद्धा बोलले. आणि तुम्ही तिथं पडवीत बसून माझ्या हातचा चहा पीत होता. ऐकत होता ना तुम्ही?"

मी ऐकत होतो. तुला माहीत आहे मी ऐकत होतो.

"वहिनी, माफी..."

"नको," ती म्हणाली. "मला आता कुणाची माफी मागता येते का? मग तुम्हालाही नको."

काल सकाळी मी नेहमीच्या वेळेला गेलो. कडी वाजवली. वहिनीनं दार उघडलं, माझ्याकडं नीट बघितलं, अनोळखी माणसाकडं बघतात तसं, आणि म्हणाली, "ते घरी नाहीत." मग दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं, आतून कडी घातली.

मी ओट्यावर बसलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, मग झाडूचा, मग कसलाच नाही. ऊन पायापर्यंत आलं तसा उठलो. राजपुऱ्याच्या दरवाज्यात दोघांनी वाकून नमस्कार केला, त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. मी हात जोडले नाहीत. त्यांना वाटलं असेल, म्हातारा दुःखात आहे.

उद्या पुन्हा जाऊन बसणार आहे. ती दार उघडणार नाही, मी हाक मारणार नाही. साऱ्या बुऱ्हाणपुरात मला ओळखणारं तेवढं एकच घर आहे आता.

तुझा,
आबा